पाच वॉटचं स्थळ

गिऱ्हाईक घ्यायला तयार झालं की काका विचारायचे, "घरचं व्होल्टेज आणलंय का?"

बहुतेकांनी आणलेलं नसायचं. घरचं व्होल्टेज ही दुकानात घेऊन जायची गोष्ट आहे हेच लोकांना माहीत नसतं. मग काका ड्रॉवरमधून एक छोटी वही आणि प्लगमध्ये लावायचा एक मीटर काढून द्यायचे. सात दिवस, रोज तीन वेळा आकडा लिहायचा. वही भरली की यायचं. काही जण वही घेऊन जायचे ते कायमचेच. त्यांच्याबद्दल काका म्हणायचे, "बरं झालं. ज्याला सात दिवस आकडे लिहायला जमत नाहीत, तो व्हॉल्व्ह काय सांभाळणार?" मीटर गेल्याचं दुःख मात्र त्यांना महिनाभर व्हायचं.

उल्हासनगरला कॅम्प पाचमध्ये, जीन्स शिवणाऱ्या एका कारखान्याच्या मागे त्यांचा दहा बाय बाराचा गाळा होता. तिथे ते गिटारचे ॲम्प्लिफायर बनवायचे, आणि तेही व्हॉल्व्हचे. व्हॉल्व्ह म्हणजे जुन्या रेडिओत असायचे ते काचेचे दिवे. जगाने ते कधीच सोडून दिले, गिटारवाल्यांनी तेवढे सोडले नाहीत. कारण त्या दिव्यांतून आवाज मोठा केला की तो कडेला किंचित फाटतो, आणि ते फाटणं कानाला गोड लागतं. हे सगळं मी दोन वर्षं इंटरनेटवर वाचत होते. प्रत्यक्ष ऐकलं नव्हतं, कारण प्रत्यक्ष ऐकायचं तर कुणाच्या तरी दुकानात जाऊन कुणाशी तरी बोलावं लागतं.

मी शिरगावला राहते आणि घरून काम करते. एका कंपनीच्या चॅटवर लोकांच्या तक्रारींना उत्तरं लिहिते. लिहिते, बोलत नाही, हाच त्या नोकरीचा मुख्य फायदा. गिटारही मी हेडफोन लावूनच वाजवायचे. शेजारी बसलेल्या आईला नुसता तारांचा टिकटिक आवाज यायचा. एकदा ती म्हणाली, "तू वाजवतेस की नखं कापतेस?"

तर पहिल्यांदा गेले तेव्हा मी काकांच्या गाळ्यासमोर बराच वेळ उभी होते. आतून आवाज आला, "बाहेरून बघून झालं असेल तर आतूनही बघा, मॅडम."

आत एक उंच, पाठीत थोडा वाकलेला माणूस स्टुलावर बसला होता. शर्टाच्या खिशात टेस्टर. चष्म्याची काडी कधीतरी मोडली असावी, तिथे सोल्डरचा गोळा चमकत होता. त्यांनी चष्म्याच्या दुकानात न जाता ती घरीच डाग देऊन जोडली होती. मी बॅगेतून एक कागद काढून दिला. दोन वर्षांचा अभ्यास होता तो. अकरा ॲम्प्लिफायर, प्रत्येकाचे वॉट, वजन, स्पीकरची साइझ, लोकांची मतं, सगळं एक्सेलमध्ये रकाने करून.

काकांनी कागद हातभर लांब धरला. "ही पत्रिका कुणाची?"

"ॲम्प्सची."

"आणि तुझी कुठंय?"

उत्तराची वाट न बघता ते प्रश्न विचारायला लागले. कितवा मजला? दुसरा. लिफ्ट? आहे. चालते? कधीकधी. भिंत चार इंची की नऊ इंची? माहीत नाही. मांजर आहे? नाही. "मांजराला गरम जागा कळते," ते म्हणाले, "ते बरोबर वर जाऊन बसतं आणि केस आत पाडतं. घरी कोण कोण?"

"आई."

"आणि?"

"आईच."

"बोलतं कोण?"

"आई."

"वाटलंच. हे घे, वाजव." त्यांनी गिटार पुढे केलं.

कुणी बघत असेल तर माझी बोटं लाकडाची होतात. काकांना हे सांगावं लागलं नाही. ते स्टुलावरच वळले आणि माझ्याकडे पाठ करून तार गुंडाळत बसले. मी एक छोटी धून वाजवली.

"कर की सुरू," ते पाठमोरेच म्हणाले.

"केलं होतं. संपलं."

ते वळले आणि पहिल्यांदा हसले. मग त्यांनी माझ्या कागदावरचे अकराच्या अकरा खोडले. मला पंधरा वॉटचा हवा होता, त्यांनी पाच वॉटचा ठरवला. मला वाटलं, हा अपमान आहे. ते म्हणाले, "पन्नास वॉट घेणारे लई येतात. घरात रोड रोलर घ्यायचा आणि चावी न लावता बघत बसायचं. पाच वॉटचा आवाज वर नेता येतो. वर नेल्याशिवाय व्हॉल्व्ह तोंड उघडत नाही. तुझ्यासारखाच आहे, हळू बोलला तर काही कळत नाही."

काका आधी अंबरनाथला एका कारखान्यात इलेक्ट्रिकल मेंटेनन्सला होते. संध्याकाळी वस्तीतल्या बेंजो पार्टीचं आवाजाचं मशीन सांभाळायचे. जयंतीच्या मिरवणुकीत त्यांच्या पार्टीचा बेंजो तीन गल्ल्या पलीकडे ऐकू जायचा, कारण त्यांनी एका बंद पडलेल्या टॉकीजचं व्हॉल्व्हचं मशीन आणून हातगाडीवर चढवलं होतं. ते ढकलायला चार माणसं लागायची आणि वारा घालायला एक. "पाचवा माणूस पुठ्ठ्याने वारा घालत मिरवणूकभर चालला," ते सांगायचे. "त्याला विचारलं, कसा झाला कार्यक्रम? तो म्हणाला, मला फक्त गरम झालं."

शेजारच्या जीन्सच्या कारखान्याचे सिंधी शेठ दिवसातून दोनदा गाळ्यात डोकवायचे. ते ॲम्प्लिफायरला भट्टी म्हणायचे. "मास्टर, भट्टी लगाई क्या? दो पॅन्ट सुखाने का है."

"शेठ, इसपे पॅन्ट सुखाई तो पॅन्ट गाना गाएगी."

"तो डबल भाव में बेचेंगे ना, साईं!"

दोघं एकमेकांची रोज इतकी चेष्टा करायचे की मला आधी वाटलं यांचं भांडण आहे. पण काकांच्या प्रत्येक ॲम्प्लिफायरच्या तोंडावर, जिथे जाळीचं कापड लावतात तिथे, शेठच्या कारखान्यातलं धुऊन धुऊन विरलेलं जीन्सचं कापड असायचं. जाड कापडातून आवाज येत नाही, म्हणून शेठ स्वतः तुकडे उजेडाला धरून निवडायचे. माझ्या ॲम्पवर फिकट निळा तुकडा आहे. त्यावर एका खिशाच्या शिलाईची खूण अजून दिसते.

वही मी इमानदारीत भरली. सात दिवस, तीन वेळा, वर मी स्वतःहून एक आलेखही काढला होता. काकांनी आलेख उलटा धरून बघितला, सुलटा धरून बघितला आणि म्हणाले, "संध्याकाळी तुमचं शिरगाव झोपतं. एकशे नव्वद. सकाळी उठून नाचतं. दोनशे पन्नास. मला घर बघावं लागेल."

इथे माझी चूक झाली. मी आईला एवढंच सांगितलं की रविवारी एक काका घर बघायला येणार आहेत. आईने पुढचं काही विचारलं नाही. शनिवारी तिने पडदे धुतले. रविवारी तिने मला दुसरा ड्रेस घालायला सांगितला. मला वाटलं, पाहुणे येणार म्हणून असेल.

काका आले. जयभीम झालं. आईने त्यांचं मूळ गाव विचारलं, त्यांनी आईचं माहेर विचारलं, आणि पाच मिनिटांत अंबरनाथची एक मावशी दोघांच्या नात्यात निघाली. आई भलतीच खूश झाली. तिने पोह्यांची बशी पुढे केली आणि पदर सारखा करत विचारलं, "मग, मुलगा काय करतो?"

"कुठला मुलगा?" काका म्हणाले. त्यांचं लक्ष स्विचबोर्डकडे होतं. "ताई, अर्थिंग आहे का तुमच्याकडे?"

आईने माझ्याकडे बघितलं. तसं तिने मी दहावीला असताना, गणिताच्या निकालाच्या दिवशी बघितलं होतं. पुढचा अर्धा तास ती स्वयंपाकघरातून बाहेर आली नाही. काकांनी मात्र दोन बशा पोहे खाल्ले, बोर्ड उघडला आणि गंभीर झाले. बोर्डात अर्थिंगची हिरवी वायर होती, छान गुंडाळलेली, पण ती कुठेच जात नव्हती. भिंतीत चार बोटं शिरून संपली होती. बिल्डरने दाखवायला लावली होती. त्या हिरव्या वायरचा काकांना आला तसा राग मी कुणाला माणसाचाही आलेला बघितला नाही. ते तडक सोसायटीच्या सेक्रेटरींकडे गेले, आणि आठ दिवसांत आमच्याच नाही, सगळ्या विंगच्या घरात खरं अर्थिंग आलं. लोकांना अजून माहीत नाही की ते एका गिटारमुळे आलं.

आणि मग ॲम्प आला. पण काकांचा नियम असा की पहिले तीन महिने व्यवहार कच्चा. या काळात ॲम्प घरात नांदला तर ठीक, नाही तर ते येऊन घेऊन जाणार आणि तुमचे पैसे तुम्हाला परत. दर रविवारी सकाळी फोन यायचा. नमस्कार नाही, नाव नाही, थेट, "नांदतोय का?"

"हो," मी म्हणायचे.

"हो म्हणजे काय? गरम किती होतो? गुणगुण करतो का? रुसतो का?"

फोनवर बोलायला मला आवडत नाही, पण या प्रश्नांची उत्तरं द्यायला मी आठवडाभर लक्ष ठेवायला लागले. आधी एक बटण दाबायचं, मिनिटभर थांबायचं, दिवे नारिंगी झाले की दुसरं बटण. पावसाळी हवेत तो सुरुवातीला खरखरतो. वरच्या घरातला मिक्सर चालू झाला की ॲम्प त्याची नक्कल करतो. आईने त्याच्याशी तिची वेगळी सोय लावून घेतली. थंडीत तिचं दही लागत नसे, म्हणून ती विरजणाचं भांडं त्याच्या शेजारी ठेवायला लागली. हे काकांना कळलं तर काय होईल या भीतीने मी एक रविवार लपवलं, दुसऱ्या रविवारी सांगून टाकलं.

"वर ठेवलं की बाजूला?"

"बाजूला."

"लागलं का?"

"लागलं."

"मग बाजूलाच ठेव," ते म्हणाले.

मी त्यांना एक गोष्ट मात्र सांगितली नव्हती. आवाजाचं बटण मी एकच्या पुढे कधी नेलंच नव्हतं. अपवाद एकच, पहिल्याच आठवड्यात एकदा दीडवर नेलं होतं. दुसऱ्या दिवशी लिफ्टमध्ये खालच्या मजल्यावरचे आजोबा भेटले. ते शाळेत क्लार्क होते, आता निवृत्त, दुपारी झोपतात. त्यांनी विचारलं, "हल्ली तुमच्याकडे काही वाजतं का हो?" एवढंच. रागावून नाही, सहज. मी म्हणाले, "नाही."

एकदा नाही म्हटल्यावर पुढे वाजवणार कसं? दोन महिने एकवर भीत भीत काढले, मग एकवरही धीर होईना म्हणून आईची जुन्या साड्यांची गोधडी चौघडी करून ॲम्पवर पांघरली. आत एकवर, बाहेर अर्ध्यावर. मला स्वतःच्या हुशारीचं कौतुक वाटलं. पाच-सहा दिवस असं चाललं. सातव्या दिवशी इस्त्री विसरल्यासारखा वास आला, गोधडीचा एक कोपरा तपकिरी झाला, आणि ॲम्प खोकला काढून बंद पडला.

मी तो रिक्षात घालून कॅम्प पाचला नेला. काकांना सांगितलं, आपोआप बंद पडला. त्यांनी मागची फळी काढली आणि आत नाक घातलं.

"कापूस," ते म्हणाले. मग पुन्हा वास घेतला. "सुती साडी. जुनी."

मी फळीचे स्क्रू मोजायला लागले.

"कुणाची गोधडी, मॅडम?"

"आईची."

"थंडी वाजत होती त्याला?"

शेठ दारात उभे होते. एरवी त्यांना अशा वेळी चार विनोद सुचले असते, पण माझा चेहरा बघून तेही शांतपणे निघून गेले. काकांनी एक व्हॉल्व्ह बदलला. मग आवाजाचं बटण उपसून काढलं आणि त्याखालची आकड्यांची पट्टी मला दाखवली. एकच्या आसपास बोटाने घासलेलं होतं. पुढे सगळीकडे तशीच साचलेली धूळ.

मला त्यांनी ओरडायला हवं होतं. ते ओरडले नाहीत. हळू आवाजात म्हणाले, "मुंबईचा एक जण आहे, स्टुडिओवाला. तू न्यायच्या आधी त्याने हाच ऐकला होता. अजून फोन करतो. तिथे हा रोज वाजेल. तुझ्याकडे नुसतं दही लावतोय. तीन महिने पुरे व्हायला पंधरा दिवस आहेत. मी येतो तेव्हा."

ते पंधरा दिवस मी रोज ठरवत होते की आज वर नेईन. रोज दुपारी चार वाजता दोन्ही बटणं दाबायचे, दिवे लागायचे, आणि मी समोर बसून राहायचे. मला तो देऊन टाकायचा नव्हता. आयुष्यात मी एक गोष्ट स्वतः जाऊन, स्वतः बोलून आणली होती. पण खालून कुणी येऊन बेल वाजवेल या कल्पनेने माझा हात एकवरच थिजायचा.

काका ठरल्या दिवशी आले. दुपारचे चार वाजले होते. खाली रिक्षा थांबवून ठेवली होती आणि खांद्यावर बांधायला दोरी होती. आईने चहा विचारला, ते नको म्हणाले. हे पहिल्यांदाच झालं. त्यांनी पट्टी बघितली. घासलेलं अजून एकपर्यंतच.

"नेतो मग," ते म्हणाले आणि प्लगला हात घातला.

आई म्हणाली, "न्या बाबा. एवढ्या हौसेनं आणला, आणि नुसती टक लावून बसते त्याच्यासमोर. माझ्याच्यानं बघवत नाही."

"थांबा," मी म्हणाले.

मी पहिलं बटण दाबलं. आता मिनिटभर काहीच करता येत नाही, व्हॉल्व्ह तापेपर्यंत थांबावंच लागतं. काका मनगटावरचं घड्याळ बघत उभे होते. आई दाराला टेकून. मी गिटार मांडीवर घेऊन. इतकं लांब मिनिट मी पुन्हा बघितलेलं नाही. काका म्हणाले, "झालं." मी दुसरं बटण दाबलं आणि आवाज पाचवर नेला.

पहिला सूर चुकला. चुकलेला सूर पाचवर किती मोठा असतो हे मला माहीत नव्हतं. खिडकीची काच थरथरली, फ्रिजवरचा चमचा खाली पडला. आई "अगं बाई" म्हणाली. दुसरा सूर बरोबर लागला, आणि तो कडेला फाटला. दोन वर्षं मी ज्याच्याबद्दल वाचत होते तो आवाज माझ्या समोर, माझ्या हातून, फरशीतून तळपायात येत होता. मी थांबले नाही. काय वाजवलं ते नीट आठवत नाही. बेल वाजली तेव्हाही मी शेवटपर्यंत वाजवलं.

दारात खालचे आजोबा होते. बनियन, खांद्यावर टॉवेल, डोळ्यांत झोप. काका तेवढ्यात खाली बसून मागच्या फळीचे स्क्रू घट्ट करायला लागले, जणू त्यांचा या घराशी काही संबंध नव्हता. आई पुढे झाली, पण मी आधी पोचले.

"काय चाललंय?" आजोबा म्हणाले. "भूकंप झाला असं वाटलं मला."

"मी वाजवतेय," मी म्हणाले. "मागेही मीच वाजवत होते. तुम्हाला नाही म्हणाले ते खोटं होतं."

"आणि हे रोज?"

"रोज. चार ते साडेचार."

"अहो, तीच तर माझी झोपेची वेळ!"

"मग तुम्ही किती वाजता उठता?"

ते विचारात पडले. बहुधा त्यांना हे कधी कुणी विचारलं नव्हतं. "सव्वाचार. पावणेपाचला चहा."

"मग साडेचार ते पाच. चहाच्या वेळेला."

"आणि परीक्षा असल्या की?"

"तुमच्या कुणाची परीक्षा आहे?"

"नातवाची. मार्चमध्ये."

"मार्चमध्ये बंद."

आजोबांनी खोलीत डोकावून निळ्या कापडाच्या त्या खोक्याकडे बघितलं. "एवढ्याशातून?" ते म्हणाले, आणि थोड्या वेळाने, "बरं. पण पाच म्हणजे पाच."

काकांनी शेवटचा स्क्रू बसवला, गुडघ्यावर हात टेकत उठले, दोरी गुंडाळून खिशात कोंबली. माझ्याकडे न बघता म्हणाले, "बटण साडेपाचच्या वर नेऊ नको. ट्रान्सफॉर्मर तापतो." आणि आजोबांच्या पाठोपाठ जिना उतरायला लागले. शाबासकी वगैरे नाही.

गेल्या वर्षी त्यांनी गाळा आवरला आणि ते नाशिकला मुलाकडे गेले. त्यांच्याविषयी कुणी विचारलं की मला त्या दिवसाचं पुढचं अर्धं मिनिटच आठवतं. ते दोघं खालच्या मजल्यावर पोचले होते. काका आजोबांना सांगत होते, "पाचच्या पुढे एक मिनिट जरी वाजला ना, तर मला कळवा. लगेच उचलून नेतो. माझाच आहे तो."

मी कठड्यावरून वाकले आणि ओरडले, "काका, माझा आहे तो!"

जिन्यात ते वरपर्यंत घुमलं. तिसऱ्या मजल्यावरचं एक दार उघडलं. आई आतून काय झालं म्हणून धावत आली. खाली दोघांची पावलं थांबली होती. मग काकांच्या चपलांचा आवाज पुन्हा सुरू झाला, त्यांच्या नेहमीच्या संथ चालीने, आणि थोड्या वेळाने रिक्षा त्यांना एकट्यालाच घेऊन निघाल्याचा.